पीठ की खडे

ता. १२ मार्च, सकाळी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. नेमका किती उशीर झाला ते पुढे लिहितो. आधी इथलं सांगतो, म्हणजे हात जरा चालायला लागेल.

मी बरा आहे. तुझ्या आत्याचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच. नळवाला दोनदा येऊन बघून गेला आणि वायसर बदलायला हवा असं मलाच सांगून गेला. माझ्या चष्म्याची काडी मोडली, ती तारेने बांधली आहे, म्हणून ओळी थोड्या वर चढल्या तर समजून घे. तुझा खोकला गेला का? त्या गार खोलीत बसतेस तेव्हा अंगात लोकरीचं काहीतरी घालत जा. गारवा मशीनला लागतो, माणसाला नाही.

मागच्या महिन्यात तुला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा जेवलीस का, एवढं विचारलं आणि ठेवला. आत्या शेजारीच बसली होती. म्हणाली, "तिला कोणी उपाशी ठेवलंय का? तोंडाने जमत नसेल तर हाताने लिही. पण लिही, नाहीतर मी सांगते तिला." तिने सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेल. म्हणून हे मी लिहितो.

जावईबापूंनी मला सगळं सांगितलं आहे. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. ज्या मासिकात तुझा शोध छापला त्यांनी ३१ तारखेपर्यंत उत्तर मागितलंय. दोन ठिकाणच्या लोकांनी तुझ्या कृतीने करून पाहिलं आणि त्यांना नुसतं पीठ मिळालं. तू स्वतः साठ वेळा केलंस, तुलाही पीठच. छापलं होतंस तसे स्फटिकाचे खडे नाहीत. आता तू आपण होऊन तो लेख मागे घेणार आहेस, आणि मग संस्थेची समिती तुझ्या वह्या तपासणार आहे. हे सगळं मी ऐकून घेतलं. पण शेवटी ते म्हणाले, "बाबा, तिला आता स्वतःवरच शंका यायला लागली आहे. म्हणते, मी तेव्हा नक्की काय पाहिलं होतं?"



तू जे पाहिलंस ते खरं होतं. लपवलेलं काही असेल तर ते माझ्याकडे आहे.

तू नऊ वर्षांची असताना माझी दाढीची तुरटी पळवली होतीस, आठवतं? पाण्यात विरघळवून, पेल्यात दोरा सोडून खिडकीत ठेवली होतीस. दोऱ्याला हरभऱ्याएवढा खडा धरला होता. तू शाळेत गेल्यावर मला वाटलं, बघू तरी किती वाढलाय. मी दोरा उचलला, खडा पडला आणि फुटला. तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी खिडकीवर कागद चिकटवलास, "विचारल्याशिवाय हात लावू नये." त्यातल्या 'नये'ची मात्रा पार कागदाबाहेर गेली होती. त्या दिवशी मी ठरवलं, पोरीच्या कामाला पुन्हा हात लावायचा नाही. आणि तीस वर्षं पाळलं. तू कुठली पदवी घेतेस, कोणाच्या हाताखाली काम करतेस, काही विचारलं नाही. सहा वर्षं तुझं नुसतं पीठच निघत होतं आणि बरोबरची माणसं तुला गिरणीवाली म्हणायची, तेव्हाही मी फक्त जेवलीस का, एवढंच विचारलं.

मग चार वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे महिनाभर राहायला आलो.

तो रविवार तुला आठवत असेल. मला घरी करमत नाही म्हणून तू प्रयोगशाळेत घेऊन गेलीस. तुझ्या टेबलावर हात न लावण्याची तीच पाटी, तीच लांब मात्रा. मी हसलो तर म्हणालीस, "बाबा, ही पाटी खास तुमच्यासाठी आहे हं." मग स्टुलावर बसवून मला सगळं समजावलंस. म्हणालीस, "हे तुम्ही इमारतीभोवती बांधता त्या परांचीसारखंच आहे. धातूच्या गाठी, त्यांच्यामधे दांड्या, असं वर वर चढत जातं. फक्त इतकं बारीक की डोळ्यांना दिसत नाही. आणि तुमच्यासारखंच, बांधणीपेक्षा मधली पोकळी कामाची. कोरड्या हवेतलं पाणी त्या पोकळीत धरून ठेवायचं." खडा मिळाला तर त्यावर किरण सोडून आतला सगळा सांगाडा मोजता येतो, पिठात तसं साफ कळत नाही, म्हणून खडा हवा, असंही म्हणालीस. मी सातवी शिकलेला माणूस, चाळीस वर्षं परांच्या बांधल्या, पण ते मला समजलं. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग तू खालच्या मजल्यावर मशीनकडे गेलीस, दोन तास आली नाहीस.

मोरीजवळ जाळीत बोटाएवढ्या बारा बाटल्या उपड्या घातल्या होत्या. आतून पांढरी झाक. तशीच झाक तुझ्या घरच्या किटलीला होती, ती मी आदल्याच दिवशी व्हिनेगरने काढली होती. तुमच्या चहाच्या खोलीतही किटलीसाठी व्हिनेगर ठेवलेलं मी पाहिलं होतं. मला वाटलं, पोर दमून येईल, तिच्या बाटल्या लख्ख करून ठेवू. एकेका बाटलीत व्हिनेगर घातलं, खळबळलं, ओतून टाकलं. नळाचं पाणी परत घातलं असतं तर पुन्हा तीच झाक धरली असती, म्हणून घातलं नाही. आणि धूळ बसू नये म्हणून ओल्या होत्या तशाच झाकणं लावून ठेवल्या.

तू वर आलीस. बाटल्या उचलून स्वतःशीच म्हणालीस, "शुक्रवारी धुतल्यात वाटतं मी," आणि त्यातच औषधं भरून भट्टीत ठेवल्यास. मी पाटीकडे बघत बसलो. सांगणार होतो. तुझा चेहरा दमलेला होता, आणि तुरटीची आठवण झाली. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर म्हटलं, सकाळी.

मी इकडे परत आल्यावर तुझा फोन आला. "बाबा, खडे आले. साखरेएवढे. बाराच्या बारा बाटल्यांत." तू रडत होतीस. आणि म्हणालीस, "सहा वर्षं, बाबा. ह्यात कोणाचाही हात नाही. सगळं माझ्या हातचं." मग मी काय सांगणार होतो? बापाने आयुष्यात एकदा तुझा खडा फोडला, आता दुसऱ्यांदा फोडायचा? त्यावर तुला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, सगळीकडून कौतुक झालं. दर वेळी वाटायचं, आता सांगणं बरं दिसत नाही. उशीर म्हणतो तो हा. चार वर्षांचा.

मला रसायन कळत नाही. व्हिनेगरने तुझं काम नासलं होतं आणि ते खडे खोटेच होते, असंही असू शकेल. ही भीती मला फार आहे. पण एक गोष्ट मनात घोळते, ती लिहितो. अडाणीपणा असेल तर सोडून दे.

परांची बांधताना नवखा माणूस नळ्या जोडणारा पहिलाच क्लॅम्प कचकचून आवळतो. मग पुढची नळी त्याला जशी सापडेल तशी बसते. तिसऱ्या मजल्याला पोचेपर्यंत सगळं तोंड वाकडं. आम्ही नेहमी सांगायचो, आधी ढिलं धर, ओळंबा लाव, चुकलं तर सोड, पुन्हा धर, आणि मग आवळ. तुझं पीठ म्हणजे घाईने आवळलेली परांची तर नसेल? आणि त्या आंबटाने गाठी जरा वेळ ढिल्या ठेवल्या असतील? आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबरच आहे. आंबट माणूस मधे बसलं की सोयरीक लवकर जमत नाही. पण जमली तर पारखून जमते." वर म्हणाली, "आता तरी कळलं का, तुझं लग्न मी का लांबवलं होतं?"

काल मी स्वयंपाकघरात बसून तसंच पुन्हा करून पाहिलं. औषधाच्या बारा रिकाम्या बाटल्या घेतल्या, व्हिनेगर घालून तसंच खळबळलं, ओतलं, मग तळाशी काय उरलं ते थेंब थेंब चमच्यात पाडून मोजलं. सात बाटल्यांत प्रत्येकी चार थेंब निघाले, तीन बाटल्यांत पाच, दोन बाटल्यांत तीन. तेव्हा माझा हात आजच्याइतका कापत नव्हता, त्यामुळे एखादा थेंब इकडेतिकडे धर. व्हिनेगर साधं पांढरं होतं, पाणी न घातलेलं. तुमच्या चहाच्या खोलीत मोरीखाली, डाव्या हाताला, निळ्या झाकणाची बाटली. त्याच जातीची मिळाली तर बघ.

लोक हसतील, ही माझी दुसरी भीती. म्हणतील, बाईंचा शोध बापाच्या धुण्यातून निघाला. त्यांना सांग की बापाने फक्त बाटल्या विसळल्या. आत काय घालायचं, किती घालायचं, भट्टीत किती दिवस ठेवायचं, ते सहा वर्षं पीठ काढणाऱ्या पोरीनेच ठरवलं होतं. परांचीवाला इमारत बांधत नाही, बारके. त्याचं काम झालं की त्याने नळ्या उतरवून निघून जायचं असतं. मीच चार वर्षं उतरवल्या नाहीत.

समितीला कागद लागतो, हे जावईबापूंकडून कळलं. म्हणून साफ लिहितो. त्या रविवारी, ती खोलीत नसताना, तिला न विचारता, त्या बारा बाटल्यांत मी व्हिनेगर घातलं आणि झाकणं लावली. तिला हे आजपर्यंत माहीत नव्हतं. हे पत्र ज्याला दाखवायचं त्याला दाखव. लागलंच तर मी येऊन तोंडाने सांगेन, तिकडे जेवलात का असं विचारत बसणार नाही.

तुला राग येईल. येऊ दे. चार दिवस बोलू नकोस, मला त्याची सवय आहे. पण मासिकाला उत्तर धाडायच्या आधी एकदा बाटल्यांत चार थेंब घालून बघ. भट्टीला तीन दिवस लागतात असं तू म्हणाली होतीस. पत्र पोचायला चार धर. म्हणजे तारीख गाठता येते, मी कॅलेंडरवर मोजून पाहिलंय, दोनदा.

मोठं पत्र लिहायला वेळ नसेल तर लिहू नकोस. जावईबापूंच्या हाती एकच शब्द कळव, पीठ की खडे. पीठ असलं तरी कळव. मी दाराशीच बसलेलो असेन, तेव्हा लवकर कळव.

न विचारता हात लावणारा,
तुझा बाबा