आठ गोण्यांचा बैल

पिंपरी पेंढार,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५.
सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. सिमेंटच्या बैलाच्या मागच्या उजव्या पायातली सळई छिन्नीने मोकळी करत होतो. ते थांबवून, रिकाम्या गोणीवर बसून हे लिहायला घेतलं आहे.

प्रिय शाहनवाज,

सलाम. तू बरा असशील. आबेदाचाचींचा गुडघा आता कसा आहे? थंडी कमी झाली, त्यामुळे उतार पडला असेल. आमच्याकडे सगळं ठीक. आईने हरभऱ्याचा पाला वाळवला आणि त्यातला अर्धा ‘शाहनवाजच्या घरी दे’ म्हणून वेगळा बांधून ठेवला. चार दिवस झाले, मी नेलेला नाही.

तू माझा नंबर बंद केलास त्याला आज बारा दिवस होतात. मेसेज टाकला की एकच टिक येते. म्हणून पत्र. नववीत शाळा सुटल्यानंतर मी पत्र लिहिलं नव्हतं. पण सहामाहीला पत्रलेखनात मला पाचपैकी पाच होते आणि तुला साडेतीन, हे मला अजून लक्षात आहे. असलं काय काय मी लक्षात ठेवतो, ते पुढे कळेलच.

बैल पडला हे तुझ्या कानावर आलं असणार. आता तो फोडायचं काम चालू आहे. दादाभाऊंनी चौथरा मोकळा करून मागितला आहे. रोज सकाळी सातला येतो, बारापर्यंत फोडतो. आतली सळई वाचवायची म्हणून हळू चाललं आहे.

काम कसं ठरलं ते तुला माहीत आहे, कारण दादाभाऊ आधी तुझ्याकडेच आले होते. अवसरी बुद्रुकला त्यांच्या मेहुण्यांच्या फाटकावर तू बसवलेला बैल आहे. वशिंडापर्यंत अडीच फूट, पुढचे दोन्ही पाय उचललेले, शर्यतीच्या घाटात आत्ताच सुटल्यासारखा. दादाभाऊंचा शर्यतीचा बैल पाखऱ्या मागच्या पावसाळ्यात गेला. त्यांना तो तसाच उभा करून हवा होता, फक्त मोठा. ‘मेव्हण्याच्या डबल पायजे. बघनाऱ्याची मान वर झाली पायजे,’ असं म्हणाले. तुझ्याकडे वेल्डिंगची कामं तुंबलेली. तू त्यांना सांगितलंस, ‘आदेशला द्या. मापाला त्याच्यासारखा पक्का माणूस न्हाई.’

हे त्यांनीच मला सांगितलं, कौतुकाने. मी हो म्हणालो आणि त्या दिवशी दुपारी जेवलो नाही. काम हातात आलं होतं, पण ते तुझ्या हातून आलं होतं.

आपण दोघांनी सहा वर्षं सयाजी मिस्त्रींच्या हाताखाली काढली. ते तुझ्याबद्दल म्हणायचे, ‘ह्याच्या बोटास्नी डोळं हायेत.’ आणि माझ्याबद्दल, ‘आदेशच्या बोटास्नी पट्टी हाय.’ सगळे हसायचे, मीही हसायचो. तू वितीने मापायचास, एक वीत चार बोटं, आणि जनावर श्वास घेतंय असं वाटायचं. मी टेप लावायचो, मिलिमीटरपर्यंत, आणि माझं जनावर भुसा भरल्यासारखं दिसायचं. आमच्या घरीसुद्धा तेच. मी समोर ताटावर बसलेला असतो आणि आई विचारते, ‘शाहनवाज लई दिसात आला न्हाई रं?’

तर मी अवसरीला गेलो. तुझ्या बैलाची एकाहत्तर ठिकाणी मापं घेतली आणि वहीत लिहिली. मग प्रत्येक मापाला दोनाने गुणलं. कान पाच इंच, तर दहा. मागच्या पायाचा घेर नऊ इंच, तर अठरा. सळई आठ मिलिमीटरची, तर सोळाची. तुला सिमेंट एक गोणी लागलं, म्हणून मी दोन लिहिल्या, वर अर्धी राखीव. तुझे नऊ हजार, म्हणून मी अठरा हजार सांगितले. सगळं दुप्पट. वहीत एकही आकडा चुकलेला नाही, अजूनही तपासून बघ.

म्हणून बैल पडल्यावर मी सगळ्यांना सांगत होतो की चूक कुठे झाली हे मलाच कळत नाही.

सकाळचे साडेनऊ.

झुंबरबाईंनी, म्हणजे दादाभाऊंच्या आईंनी, चहा दिला. तो घेऊन वरचं वाचून पाहिलं. शुद्धलेखनाची चूक सापडली नाही. पण वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. ते खोडत नाही, तसंच राहू दे.

२ जानेवारीला तू इथे आला होतास. नारायणगावाहून येताना गाडी वळवलीस. दादाभाऊ बाजारात होते, झुंबरबाई मळ्यात. इथे मी एकटाच. बैलाच्या सळ्या उभ्या करून झाल्या होत्या, सिमेंटला हात लागला नव्हता. तू चौथऱ्याभोवती एक फेरी मारलीस.

‘आद्या, सळई कितीची?’

‘सोळाची. तुझी आठची होती ना?’

‘आन् सिमेंट?’

‘दोन गोण्या. अडीच धर.’

तू हसला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू हसला नाहीस. भिंतीला टोमॅटोची रिकामी कॅरेटं लावलेली होती, त्यातलं एक आणून माझ्यापुढे ठेवलंस. ‘ह्यो माजा बैल.’ मग शेजारी दोन मांडलीस, त्यांच्यामागे दोन, आणि वर चार. ‘ह्यो तुजा. लांबीला डबल, रुंदीला डबल, उंचीला डबल. मोज.’

मी मोजली. आठ.

‘आठ गोण्या जातील, राव. आता नुसती खालची मोज.’

चार.

‘ह्ये झालं पाय. पाय आडवा कापला तर तोंड चौपट भरनार, आन् वरनं वजन येनार आठपट. माज्या बैलाच्या पायावर जेवडा भार हाय, त्याच्या दुप्पट तुज्या पायावर. त्यात दोनच पाय खाली. पोट पोकळ ठिव, जाळी घाल. पायाचा घेर दुप्पट नको, तिप्पट धर. दिसायला थोडं बेढब झालं तर झालं. सारखा मापात नको राहू, आद्या.’

तुझं बोलणं मला तिथंच पटलं होतं. आठ कॅरेटं समोर रचलेली असताना न पटायला मी काय आंधळा आहे? पण ‘मापात नको राहू’ एवढंच कानात राहिलं. मी म्हणालो, ‘दिलेलं काम परत पायजे का तुला?’

आठही कॅरेटं उचलून होती तशी भिंतीला लावलीस, तुझ्या बैलाचं पहिलंसुद्धा, आणि चहा न घेता गेलास.

दुसऱ्या दिवशी मी सिमेंट कालवलं. दोन गोण्या मागच्या मांड्यांतच संपल्या. तिसरी पोटात गेली तेव्हा पोटाचा आकारही दिसत नव्हता. गावातल्या दुकानात पुन्हा गेलो असतो तर दुकानदाराने विचारलं असतं, म्हणून पुढच्या गोण्या मी नारायणगावाहून टेम्पोने आणल्या. मला तेव्हाही थांबता आलं असतं. पोट कोरून पोकळ करता आलं असतं, पुढे एक टेकण देऊन पाय खाली घेता आला असता. पाचव्या गोणीचं तोंड सोडताना माझ्या डोळ्यांपुढे बैल नव्हता, तू होतास. थांबलो की तू बरोबर ठरणार होतास.

आठवी गोणी शेपटीच्या गोंड्यावर संपली. साडेसात नाही की सव्वाआठ नाही. घमेलं खरवडून शेवटचा हात फिरवला आणि गोणी झटकली. इतकं नेमकं उत्तर माझं आयुष्यात कधी आलं नव्हतं आणि ते तुझं होतं. मी ती गोणी पेटवून दिली.

२६ जानेवारीला झेंडावंदन उरकून लोक इथे जमले. बैल रंगवलेला, गळ्यात हार. पाच फुटी बैल चौथऱ्यावर. सगळ्यांच्या माना खरंच वर झाल्या. एक जण म्हणाला, ‘मेव्हण्याचा त्याच्यापुढं वासरू दिसंल.’ शाहनवाज, ते ऐकून मला किती बरं वाटलं. तेवढी दोन मिनिटं मी तुझ्यापेक्षा मोठा होतो. मग दादाभाऊ म्हणाले, ‘टेकू काढा आता.’

पुढचा टेकू निघाला. मागच्या उजव्या पायाला, गुडघ्याच्या वर, केसाएवढी रेघ उठली. मी ती पाहिली. ओरडायचं होतं, तोंड उघडलं नाही. दुसरा टेकू निघाला आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. बैल मागच्या पायांवर खचला, पोट चौथऱ्यावर टेकलं आणि डावं शिंग तुटून खाली आलं. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

दादाभाऊ ओरडले, ‘उचला, उचला! मेव्हण्याचा चौघांनी फाटकावर चढवला व्हता, तुमी आठ जन लागा!’ आठ जण लागले. बैल तसूभर हलला नाही. हलणार कसा? तुझा दीडशे किलो, माझा बाराशे. बत्तीस माणसं लागली असती.

तेव्हा झुंबरबाई म्हणाल्या, ‘आगं बया, पाखऱ्या जित्तेपनी कुठल्या घाटात बसला न्हाई. ह्या मिस्तरीनं बसवला!’

सगळे हसले. दादाभाऊ हसले नाहीत. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ‘मापं कुनाची व्हती?’

मी म्हणालो, ‘शाहनवाजची.’

मापं तुझ्या बैलावरून घेतली होती, त्यामुळे बोलताना जीभ अडखळली नाही. ते पुढे म्हणाले, ‘बांधताना त्यो आला न्हवता का बघायला?’ मी म्हणालो, ‘फिरकलाच न्हाई.’

दोन दिवसांनी त्यांनी तुला दिलेलं त्यांच्या कांदाचाळीचं वेल्डिंगचं काम काढून घेतलं. त्याच दिवशी माझी टिक एक झाली.

दुपारचे बारा वाजून पाच मिनिटे.

आत्ता दादाभाऊंकडून आलो. ते खळ्यावर कांदा निवडत होते, झुंबरबाई शेजारी. मी उभ्यानेच सांगितलं. मापं दुप्पट मी केली. शाहनवाज २ तारखेला येऊन गेला. आठ गोण्या लागतील, पाय टिकणार नाहीत, हे त्याने कॅरेटं रचून दाखवलं. मी ऐकलं नाही आणि वर तुमच्याशी खोटं बोललो.

दादाभाऊंनी हातातला कांदा खाली ठेवला. मला वाटलं, आता मारतात. ते म्हणाले, ‘मला वाटलंच व्हतं. त्या पोराच्या हातनं असलं काम व्हायचं न्हाई.’

‘लई गुनाचा हाय त्यो,’ झुंबरबाई म्हणाल्या.

मी माझी चूक कबूल करायला गेलो होतो आणि कौतुक तुझं चाललं होतं. तिथे उभा राहून मला पुन्हा तीच आग लागली. लाज वाटते, पण आज काहीच गाळायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

मी विचारलं, ‘मग चाळीचं काम त्याला परत?’

‘आता कुठलं परत? नारायनगावच्या मानसाचं खांब उभं ऱ्हायलं. उपटू व्हय?’ मग कांदा पुन्हा उचलत म्हणाले, ‘मेव्हण्याकडं बी त्याचंच नाव घेतलं व्हतं, त्याला तेवढं सांगतो.’ त्यांनी माझ्यादेखत फोन लावला आणि झालेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझं नाव घेताना माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या फोनने तुझं नाव साफ झालं असेल, अशी आशा आहे. चाळ मात्र गेली. ती माझ्यामुळे गेली.

निघताना त्यांनी मला हाक मारली. ‘बैल शाहनवाज करंल का, ईचार त्याला. पैशाचं बगू. आन् डबलच पायजे, बरं का.’

म्हणून विचारतो. बैल तू करशील का? पायांची जाडी तू ठरव, पोट किती पोकळ ठेवायचं ते तू ठरव. वाळू मी चाळीन, सळ्या मी वाकवीन, त्याची मजुरी नको. एक आधीच सांगून ठेवतो. तू हो म्हणालास आणि बैल उभा राहिला की लोकांच्या माना वर होतील आणि मी पुन्हा जळेन. ते इतक्यात जाईल असं वाटत नाही. पण पुढच्या वेळी जळताना तोंड बंद ठेवीन, किंवा तुझ्यासमोरच उघडीन.

आई उद्या तुमच्या जुन्नरला येते आहे. पत्र आणि सोबतचं पाकीट तिच्या हाती देतो. तिला यातलं काही माहीत नाही. सांगायचं की नाही, ते तू ठरव.

आबेदाचाचींना आदाब.

मोजून, कळून, तरीही न ऐकलेला,
आदेश

हिशोब, आजपर्यंतचा.

झालेला खर्च: सिमेंट आठ गोण्या २,९६०. क्रश सँड पाव ब्रास १,३००. सळई १,८६०. जाळी व तार १,०६०. रंग २,२००. टेम्पो १,५००. एकूण रुपये १०,८८०.

देणे: दादाभाऊंनी दिलेली आगाऊ रक्कम १०,०००. शाहनवाजची कांदाचाळीची बुडालेली मजुरी २६,०००. एकूण रुपये ३६,०००.

पैकी शाहनवाजला सोबतच्या पाकिटात ५,०००. त्याचे राहिलेले २१,०००, दरमहा १,५०० प्रमाणे चौदा महिने.

शाहनवाजकडून येणे: काही नाही.