बेडकांच्या पोरांना बघायला माजोला आला

आदरणीय थोरले काका, माजोला,

केपटाऊनहून झ्वेलिबान्झीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मेंढ्यांना खरूज झाल्याचं आईने फोनवर सांगितलं, आता उतार पडला असेल. काकूंना मक्याच्या पिठाबद्दल आभार सांगा (पोतं वाटेत फुटलं आणि टॅक्सीतल्या प्रत्येकाने थोडं थोडं अंगावरून घरी नेलं, पण भावना पोचली). माझं म्हणाल तर मी संपलो आहे. पुढचा मजकूर संपलेल्या माणसाचा समजून वाचावा.

सहा वर्षं बेडकांत काय करतोस, असं तुम्ही दर डिसेंबरला चारचौघांत विचारता आणि मी तोंड उघडायच्या आत बियरचं भांडं पुढच्याच्या हातात देता. पत्रात मला अडवायला कोणी नाही, तेव्हा ऐका. आपल्या तळ्यातला तो नख्यांचा बेडूक, ज्याला आपण गळाला लावतो, त्याचं अंड्यातलं पोर एक दिवसाचं असताना (मेंदू म्हणावा असं तेव्हा काही नसतं, नुसती तयारी चाललेली असते) मी त्याच्या मज्जारज्जूतल्या कोवळ्या पेशी काढून बशीत वाढवतो. त्यांना कोणी काही शिकवलेलं नसतं, तरी त्या आपल्या आपण विजेचे झटके देतात. प्रत्येक झटक्याबरोबर बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, तेच आपलं दुधातलं, आणि मी घातलेल्या रंगामुळे पेशी क्षणभर उजळते. काका, ती किती वेळा उजळली यावर तिचा पुढचा स्वभाव ठरतो! फार उजळली तर मोठेपणी शेजारणींना शांत करणारी होण्याकडे तिचा कल. उजळूच दिली नाही तर चिथावणारी. (आपल्या घरात पाहा. जन्मापासून बोंबलणारा लुन्गिसा आज गावची भांडणं मिटवतो, आणि ज्याला तुम्ही कायम 'गप बस' म्हणालात तो मी.) सगळं पहिल्या काही तासांत होतं. ते तास गेले की मग कितीही डोकं आपटा.

माझ्या प्रबंधाला हाच शेवटचा प्रयोग हवा होता. मुदत दोनदा वाढवून घेतली, आता नोव्हेंबरअखेर शेवट. माझ्याकडे बेडकिणी तीन, आणि एकदा अंडी घातली की तीन महिने त्यांना विश्रांती द्यायची असा नियम. म्हणजे गेल्या मंगळवारची अंडी ही शेवटची अंडी. बुधवारी बश्या लावल्या, पेशी लुकलुकायला लागल्या, मी चहा ठेवायला उठलो, आणि डोंगराकडच्या मागल्या दाराने माजोला आत आला. म्हणजे तुम्ही नव्हे, ज्याचं नाव आपल्या कुळाला आहे आणि मी तुम्हाला मानाने लावतो, तो साप.

काळा, लांबलचक, कसलीही घाई नसलेला. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर ओरडला असता. मी टोपी काढली. आता तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं? आपल्या कुळात नवं बाळ आलं की माजोला बघायला येतो, बाळाला खाली ठेवायचं, बाजूला व्हायचं, त्याला वाट द्यायची, हे मला शिकवलं कोणी? त्या खोलीत तर एक दिवसाची चारशे बाळं होती. (माझ्या वेळी तो आला नाही म्हणून मी असा अर्धवट राहिलो, हे तुम्ही माझ्या प्रत्येक निकालाला ऐकवलंत. तीस वर्षांनी आला, तोही बेडकांच्या पोरांसाठी. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.) मी अंड्यांची परात जमिनीवर ठेवली, त्याला कुळाच्या नावाने मान दिला. त्याने परातीभोवती एक फेरी घातली. तिथेच परत फिरायला हवं होतं. पण खोली गार आणि सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याचा खोका ऊबदार. त्याने खोक्यावर वेटोळं घातलं, वायर निसटली, दिवा गेला. पेशी अंधारात उजळत राहिल्या असतील, पण मोजणार कोण? वायर खोचायची जागा त्याच्या पोटाखाली होती.

तेवढ्यात आमच्या प्रोफेसर लूबसर बाई आल्या आणि त्यांच्या किंकाळीसरशी रखवालदार अडोनिस फावडं घेऊन धावला. मी हात पसरून आडवा उभा राहिलो.

"सरक रे येड्या, चावेल!"

"पाहुणे आहेत," मी म्हटलं. "घरचे."

"मग सांग की त्यांना, घरी जा म्हणावं!"

"असं सांगत नसतात."

बाईंनी खुर्चीवरून (खुर्चीवर उभ्या राहून) विचारलं, "झ्वेली, पाहुणे साधारण किती वेळ थांबतात?"

बावीस मिनिटं थांबले. मग दारात ऊन आलं तसे आले त्या वाटेने गेले. नेमकी मधली बावीस मिनिटं मोजणीतून गळाली, म्हणजे प्रयोग गेला. शुक्रवारी समितीचं पत्र आलं: साप पाहूनही उमेदवाराने प्रयोग का वाचवला नाही, खुलासा करावा. खुलासा काय करू? मी गावी येतो आणि मेंढ्या राखतो. मेंढ्या निदान उजळत नाहीत.

तुमचा पुतण्या,
झ्वेलिबान्झी

ता. क. – बाई म्हणतात, कुळातल्या वडीलधाऱ्याने ही आपली खरी रीत आहे असं लिहून दिलं तर समिती 'टाळता न येणारं कारण' मानून तीन महिने देईल. बेडकिणींनाही तेवढेच लागतात. तेव्हा पत्र लिहा, गावच्या प्रमुखाचा शिक्का घ्या आणि शुक्रवारच्या टॅक्सीने पाठवा.

आणखी ता. क. – 'माजोलाला आमच्यात कोणीही, कधीही मारत नाही' हे वाक्य त्यात हवं, आणि ते लिहिताना तुमचा हात अडखळेल, हे मला ठाऊक आहे. आईने काल फोनवर सांगितलं. मी चार दिवसांचा असताना तो आला होता. तुम्ही खाणीवरून नुकतेच पोचला होतात, बाहेरच्या उन्हातून आत आलात, चटईवर माझ्याजवळ साप दिसला आणि माझ्या जिवासाठी तुम्ही काठी घातलीत. आईने तीस वर्षं तोंड उघडलं नाही, मीही उघडणार नाही. बुधवारी त्या फावड्यापुढे मी आपल्या दोघांच्या वतीने उभा होतो असं समजा. शिक्का मात्र स्पष्ट उमटू द्या.