बाबांच्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक

ती. ताईस,

धाकट्याचा कोपरापासून नमस्कार. (कोपराच्या पुढचा भाग तेलाने माखलेला आहे. कागदावर डाग दिसले तर ते अश्रू समजू नकोस; अर्थात समजलीस तरी फारशी चूक होणार नाही.) तुझी पाठ आता कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का? इकडे सगळे धडधाकट आहेत, म्हणजे माझ्याशी बोलत नसले तरी दोन वेळचं जेवताहेत.

पत्रास कारण तूच आहेस. बाबांचा खांदा निकामी झाल्यावर त्यांचं काय झालं ते मी तुला फोनवर सांगितलंच होतं. त्यांचा तो बागेतला छोटा ट्रॅक्टर (गवत कापायच्या यंत्राचा थोरला भाऊ म्हणावा, एवढाच) चालवायला काही जड नाही, पण मागचा नांगर उचलायला सीटशेजारचा लांब दांडा ओढावा लागतो आणि तो ओढणं काही त्यांना जमेना. एके सकाळी त्यांनी आपली खुर्ची खिडकीकडून फिरवून भिंतीकडे केली. तेव्हापासून ते भिंत बघत बसायचे. दाढी करणं सोडलं, वर्तमानपत्र सोडलं, माझ्या चुका काढणंही सोडलं, तेव्हा मात्र मी घाबरलो. आणि तू फोनवर म्हणालीस, "कुणीतरी त्यांच्यासाठी काहीतरी करायला हवं." तू 'कुणीतरी' म्हणालीस ते मोघम होतं हे मला कळतं, पण घरात मोकळा मीच होतो.

मी ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवणारा माणूस. माझा आणि यंत्राचा संबंध स्टेपलरपुरता. तरी मी ठरवलं की ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिक बसवायचं. म्हणजे असं बघ, इंजिनाने एक पंप फिरवायचा, पंपाने तेल ढकलायचं, तेलाने सिलिंडरचा दट्ट्या सरकवायचा आणि दट्ट्याने नांगर उचलायचा. माणसाने फक्त एक बोटभर खटका ओढायचा. सांगायला एक वाक्य लागलं. करायला लागलो तेव्हा कळलं की या वाक्यातल्या प्रत्येक स्वल्पविरामाशी तेल गळतं.

पंप मिळाला एका मोडीत निघालेल्या मोटारीचा. सिलिंडर मिळाला भंगारवाल्याकडे, तो पूर्वी कचरागाडीत नोकरीला होता आणि त्या नोकरीचा वास त्याला अजून येतो. शेडमध्ये जागा नव्हती म्हणून मी हे सगळं जेवणाच्या टेबलावर उघडून बसलो. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. तुझी भावजय काही बोलली नाही. (ती बोलते तेव्हा धोका कमी असतो.) मागचा सांगाडा जोडून द्यायचं काम एका वेल्डरकडे होतं. त्याचं खरं नाव कुणालाच आठवत नाही, सगळे त्याला 'उद्या' म्हणतात. कामाबद्दल कधीही विचारा, तो स्वतःचं नाव सांगतो. शेवटी मी सांगाडा घेऊन त्याच्या दुकानातच बसकण मारली, तेव्हा कंटाळून त्याने तो जोडून दिला, किंचित तिरका.

पहिल्या चाचणीला शेजारचे निवृत्त दातांचे डॉक्टर स्वतःची खुर्ची घेऊन आले. मी इंजिन चालू केलं आणि नांगर वर घ्यायला खटका ओढला. नांगर खाली गेला. दोन्ही नळ्यांची अदलाबदल झाली होती, हे आता सांगता येतं. तेव्हा मला वाटलं की जोर कमी पडला, म्हणून मी आणखी ओढला. नांगर जमिनीत टेकला, त्याला पुढे जायला वाट उरली नाही, तेव्हा त्याने ट्रॅक्टरच उचलला. मागची चाकं हवेत, मी त्यांच्यावर, उघडं तोंड मातीच्या दिशेने. डॉक्टर म्हणाले, "छान उघडलंय." कशाबद्दल म्हणाले कोण जाणे, सवयीने म्हणाले असतील. इतक्यात मागच्या दारातून आवाज आला, "आधी इंजिन बंद कर, गाढवा." बाबा उभे होते, पायात सपाता. कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य, आणि त्यात मी गाढव. माझी मानहानी नीट दिसावी म्हणून की काय, त्यांनी आत जाऊन खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली.

नळ्या बदलल्या. दुसऱ्या चाचणीला नांगर डौलात वर आला, मी मागे वळून घराकडे बघितलं (बघायला नको होतं) आणि तेवढ्यात एक जोड निसटला. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते इथे शब्दशः गेलं. कारंजं उडालं ते थेट दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर. तुझी भावजय बाहेर आली, चादरींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "तुझं झालं की सांग," एवढंच म्हणून आत गेली. बाबा आता पायरीवर येऊन बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत, जवळ गेलो तर हसत होते. दुखऱ्या खांद्यासकट.

त्यानंतर बाबांनी स्टूल थेट बागेतच आणून ठेवलं आणि माझ्या प्रत्येक कृतीवर टीका सुरू केली. मी पाना धरतो तो चमच्यासारखा, बेल्ट ताणतो तो पायजम्याच्या नाडीसारखा. खरं सांगू, इतकं मी त्यांच्याकडून शाळेतही ऐकलं नव्हतं. तिसऱ्या वेळी गळती नव्हती. नांगर वर आला, थांबला. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही इंजिन बंद करून तिथेच चहा प्यायलो, आणि चहा संपेपर्यंत नांगर कुणालाही न कळवता, मुंगीच्या पावलांनी खाली येत येत डॉक्टरांच्या बुटावर विसावला. बोटं वाचली, मैत्री वाचेल की नाही सांगता येत नाही.

तर ताई, मी हरलो. चादरी गेल्या, शेजार गेला, टेबलाला कचरागाडीचा वास येतो आणि घरात मला कुणी विचारत नाही. उद्या सगळं काढून टाकतो. ज्याला जे येत नाही त्याने ते करू नये, एवढंच मी शिकलो. भावोजींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा कोपरापासून.

तुझा,
धाकटा

ता. क. काढून टाकता येत नाही. किल्ली बाबांच्या खिशात असते. रोज दाढी करून, टोपी घालून सकाळीच बाहेर पडतात. इंजिन चालू असेपर्यंत नांगर छान वर राहतो, म्हणून ते इंजिन बंदच करत नाहीत. भाजीची जागा नांगरली, मग गवत नांगरलं, काल फाटकापर्यंतची पायवाट नांगरली. आज डॉक्टरांच्या कुंपणाकडे बघत होते.

आ. ता. क. खरं तर पत्र यासाठीच. त्यांना महिनाभर तुझ्याकडे ने. मला नाही, पण हिला आणि जमिनीला विश्रांती हवी आहे.

शेवटचं. मी त्यांना आत्ताच विचारलं. ते आनंदाने तयार आहेत, पण एकटे येणार नाहीत. 'उद्या'च्या मेव्हण्याचा ट्रक ठरलाय. तुमच्या फाटकाची रुंदी उलट टपाली कळव, आणि भावोजींना सांग की हिरवळीचा फोटो आत्ताच काढून ठेवा.