हाकेला ओ न देणारे वाक्य

३ मार्च, सोमवार

एक कोडे बहुतेकांनी पाहिले असेल. वेबसाइटची भाषा बदलावी, सारे पान हव्या त्या भाषेत यावे — आणि मधेच एक वाक्य मात्र भलत्याच भाषेत! आपण लगेच म्हणतो, भाषांतर करणाऱ्याने कंटाळा केला.

आज ते वाक्य आमच्याच पानावर निघाले. रुग्णालयाची वेबसाइट आम्ही सांभाळतो. ती तीन भाषांत चालते; पहिली आमच्या कचेरीची. दुसऱ्या भाषेच्या पानावर एक सूचना कचेरीच्या भाषेत उमटत होती: ‘तपासणीपूर्वी आठ तास काही खाऊ नये.’ एका आजोबांना ती वाचताच आली नाही. ते न्याहारी करून आले. दुर्बिणीतून पोटाची तपासणी व्हायची होती. तसेच परत पाठवले. त्यांच्या मुलीने काउंटरवर आवाज चढवला. चढवायलाच हवा होता!

त्या भाषेचे भाषांतर वन्संचे — माझ्या नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचे. त्यांचे नाव मीच सुचवले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्या घरीच असतात. हे काम म्हणजेच त्यांचा दिवस.

आमच्या प्रमुखांना टीममध्ये ‘हिरवा दिवा’ म्हणतात. कोड तपासणाऱ्या टेस्टचा दिवा हिरवा दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. म्हणाले, “टेस्ट सगळ्या हिरव्या. म्हणजे कोड बरोबर, भाषांतर चूक. शुक्रवारपर्यंत काही वेगळं दाखवा, नाहीतर दुसरं माणूस बघू.”

४ मार्च, मंगळवार

वन्संचा फोन. “वहिनी, ते वाक्य मी दिलं होतं! आजारी माणसाला दटावल्यासारखं वाटू नये म्हणून चार वेळा मोठ्यानं वाचून बघितलं. आमचे हे म्हणाले, कुणाला उपाशी ठेवतेयस?” हसल्या. मग म्हणाल्या, “आता तुमच्या साहेबांना वाटत असेल, ही घरी बसून झोपा काढते.”

नवऱ्याला सांगितले. “बहीण माझी, कंपनी तुझी. मी आपला जेवतो.” पण जेवला नाही नीट.

५ मार्च, बुधवार

सापडले!

आधी शिस्तीने मांडते. कोडमध्ये वाक्ये लिहीत नाहीत. प्रत्येक वाक्याला एक नाव देतात. प्रत्येक भाषेची वेगळी फाइल असते. कोड नुसती नावाने हाक मारतो. त्या भाषेच्या फाइलीतून कोणी ओ दिली नाही, तर कचेरीच्या भाषेची फाइल उत्तर देते. सोय चांगली आहे — पान कोरे राहत नाही. पण ओ कोणी दिली, हे कोणालाच कळत नाही.

आमचा प्रोग्रामर — दाढी म्हणतात त्याला — याने त्या वाक्याचे नाव बदलले होते. कोडमध्ये बदलले, कचेरीच्या फाइलीत बदलले, आणि थांबला. वन्संचे वाक्य त्यांच्या फाइलीत शाबूत आहे, जुन्या नावाने! नव्या नावाची हाक ते कसे ओळखणार?

मग टेस्ट हिरवी का? इथे खरी मेख. टेस्ट पाहते: पानावरचे वाक्य आणि अपेक्षित वाक्य एकच आहे का? आणि अपेक्षित वाक्य आम्ही आणले कुठून? त्याच फाइलींना, त्याच नव्या नावाने हाक मारून! दोन्हीकडे कचेरीचीच भाषा आली. जुळली. हिरवी. उत्तरपत्रिका तपासायला आदर्श उत्तर त्याच विद्यार्थ्याला विचारले, तर पैकीच्या पैकीच मिळणार.

दाढीने कपाळावर हात मारला. “मॅडम, मी नुसतं नाव सुटसुटीत केलं हो! आता त्या ताईंना काय तोंड दाखवू?” खरोखर कासावीस झाला होता. चूक त्याच्या एकट्याची नाही. ती टेस्ट आम्ही सगळ्यांनीच वाचून पसंत केली होती.

६ मार्च, गुरुवार

दोन कामांच्या दोन टेस्ट केल्या. पहिली फक्त कोडची. तिला खऱ्या फाइली द्यायच्याच नाहीत. एक तोतया द्यायचा. कोणतेही नाव विचारा, तो तेच नाव आणि मागितलेली भाषा परत सांगतो. म्हणजे कोडने योग्य भाषेत योग्य हाक मारली का, एवढेच दिसते. भाषाही टेस्टनेच ठरवायची — संगणकावर सोडली तर आमचे सगळे संगणक कचेरीच्याच भाषेत बोलतात! दुसरी टेस्ट फक्त फाइलींची: कचेरीच्या फाइलीतले प्रत्येक नाव दुसरीत आहे का?

पहिली हिरवी, दुसरी लाल. मी टाळी वाजवली! लाल दिवा पाहून टाळी — दाढी बघतच राहिला.

हिरवा दिवा मात्र डोके हलवत म्हणाले, “नाव दाढीनं बदललं, मान्य. पण तिसऱ्या भाषेलाही तेच नाव बदललं ना? तिकडून एक तक्रार नाही! म्हणजे तिकडचं भाषांतर करणाऱ्या संस्थेनं आपली फाइल जुळवून घेतली. तुमच्या वन्संनी का नाही घेतली?” मग हळूच, “माझ्या जागी तुम्ही काय कराल, सांगा.”

प्रश्न रास्त आहे. पण तिसऱ्या भाषेची फाइल बाहेरची संस्था परस्पर चढवते. माझ्या टेस्टच्या हाती ती येतच नाही. वन्संना फोन केला नाही. धीर झाला नाही.

७ मार्च, शुक्रवार

साइट तिसऱ्या भाषेत उघडली. त्या लिपीचे एक अक्षर मला येत नाही. पान उलगडत गेले, आणि दोन ठिकाणी डोळे आपोआप वाचू लागले. एक — ‘काही खाऊ नये.’ दुसरे, पार तळाशी, कोणीतरी फाइलीत न ठेवता थेट कोडमध्ये कचेरीच्या भाषेत लिहिलेले बटण — ‘तक्रार नोंदवा.’

काउंटरवरच्या बाईंना विचारले, या भाषेचे रुग्णही खाऊन आल्याने परत जातात का? “परत जातात ना. दर आठवड्याला कुणी ना कुणी. मुकाट्यानं जातात बिचारे.”

हिरवा दिवा फोन उचलत म्हणाले, “वन्संचा नंबर द्या. मीच बोलतो.”

टीमसाठी भिंतीवर कागद लावला: आपल्याला मुळीच न येणारी भाषा निवडा आणि पान वाचायला बसा. जेवढे वाचता येईल, तेवढे त्या भाषेच्या माणसाला वाचता येत नाही.