मडगार्डवरची खूण

बाबा,

परवा सकाळी गाडीच्या मीटरमध्ये इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. तुमच्या नातीला दुसऱ्या दिवशी ही गाडी घेऊन एकटीला नागपूरला जायचं होतं, कुरईच्या घाटातून. तुमच्या काळात गाड्या स्वतःहून काही सांगत नसत. आता स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिच्यात काडेपेटीएवढं यंत्र खुपसलं की मोबाइलवर दुखण्याचा नंबर येतो. आला. इंजिनात हवा जास्त जाते आहे, पेट्रोल कमी. खालीच दिवा पुसून टाकायचं बटण होतं. लेक म्हणाली, "आई, क्लिअर कर दे ना. गाडी तर चालून राहिली आहे." माझं बोट बटणाजवळ गेलंही होतं. तेवढ्यात तुमचा खडू आठवला.

लष्करी ट्रक बांधणाऱ्या त्या कारखान्यात तुम्ही तपासणीला होतात. दोष सापडला की त्याभोवती खडूचं वर्तुळ काढायचं, आणि ज्यानं दोष दूर केला त्यानंच ते पुसायचं. तुम्ही हा कायदा घरीही आणलात. डगमगत्या स्टुलावर वर्तुळ, कुकरच्या सैल दांडीवर वर्तुळ. आई पाहुण्यांना म्हणायची, त्या स्टुलावर नका बसू जी, त्याची केस सुरू आहे. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सगळ्या जगाशी भांडत होते. कमानिया गेटजवळच्या सभेत बोलून आले की लोक किती होते हे तुम्ही कधी विचारलं नाही. लोकांनी काय विचारलं, एवढंच विचारायचात. ते मला सांगता येत नसे. "बोलून राहिली तू, ऐकून नाही राहिली," म्हणत तुम्ही हातभर रबरी नळीचं एक टोक माझ्या कानाला लावायचात, दुसरं स्कूटरच्या इंजिनावर फिरवायचात. "आता सांग वं, आवाज कुठून येऊन राहिला?"

आणि तो वक्तृत्व स्पर्धेचा दिवस. आई पहिल्यांदाच माझं भाषण ऐकायला येणार म्हणून ठेवणीतलं पातळ नेसून उभी आहे. तुम्ही ड्यूटीवर. स्कूटरच्या पुढच्या मडगार्डवर, ब्रेकची तार चाकाकडे उतरते तिथे, ठसठशीत वर्तुळ. ते दिसलं असतं तर आई माझ्या मागे बसली नसती, आणि मला ती पहिल्या रांगेत हवी होती. पायाचा ब्रेक आहे की, असं म्हणून मी ओढणीनं ते पुसलं. घमापूरच्या उतारावर एक हातठेला आडवा आला आणि तार तुटली. मला खरचटलं. आईचं उजवं मनगट गेलं.

तुम्ही कारखान्याच्या कपड्यांतच दवाखान्यात आलात. आईला पाहून बाहेर आलात आणि लोकांनी आणून लावलेल्या स्कूटरच्या मडगार्डवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिलात. "तार तर मी पाहिली होती. खूण करायची माझ्याच्यानं राहिली काय वं? तू पाहिली होती?"

मी म्हटलं, "नाही, बाबा."

आईची पोळी पुन्हा कधी गोल झाली नाही. ती हसून म्हणायची, आता नकाशे लाटते. तुम्ही हसत नसायचात. तेव्हापासून तुम्ही खूण करून चार पावलं जायचात आणि परत येऊन पाहायचात, केली की नाही. शेवटच्या आजारपणात औषधाची बाटलीसुद्धा दोनदा उचलून पाहायचात. आणि मी? ज्याची चूक त्यानं चार लोकांत उभं राहून ती कबूल केली पाहिजे, असं मी पुढे कामगारांच्या बाजूनं साहेबांच्या तोंडावर सांगितलं, कारखान्यांच्या फाटकांवर सांगितलं, आणि टाळ्या घेतल्या. ते मी खोटं बोलत नव्हते. आजही माझं मत तेच आहे.

परवा बटण दाबलं नाही. तुमची हत्यारांची पेटी काढली. नळी आता कडक झाली आहे, पण आवाज येतो. इंजिन सुरू ठेवून, पंख्यापासून हात दूर धरून, ती फिरवत राहिले. हवेच्या फिल्टरमागे एक बारीक सुसकारा लागला. तिथे बोटाएवढी रबरी नळी चिरली होती. चिरेवर बोट दाबलं आणि थरथरणारं इंजिन एकदम शांत चालू लागलं. लेक आपल्या इथल्या गोरखपूर बाजारातून नवी नळी आणेपर्यंत मी बॉनेटवर खडूचं वर्तुळ काढलं. ती येऊन पाहते तो काय. "ये क्या है, आई?" नळी बसवली, मग दिवा पुसला, गाडी घेऊन दोन चकरा मारल्या. दिवा परत लागला नाही. तेव्हा वर्तुळ पुसलं.

काल सकाळी निघण्याआधी चहा घेताना तिला तुमचा कायदा सांगितला. स्टुलाची केस ऐकून ती खूप हसली. मग तिनं विचारलं, "और आजीका हाथ? ती स्कूटरवरून पडली होती ना?" मी म्हटलं, उशीर होईल, नीघ आता.

हा कागद तुमच्या पेटीत, खडूच्या डबीखाली ठेवते आहे. नागपूरला ती सुखरूप पोचली. उशीर होत नव्हता, बाबा. तिचा चहासुद्धा अर्धा व्हायचा होता.