एक मुटर, पुष्कळ मुटर्न

आल्टेना, मे महिन्यातला एक ओला मंगळवार

ती. मेख्टिल्ड मावशी,

तुला आणि तुझ्या नव्या गुडघ्याला बिर्गिटचा नमस्कार (गुडघा वयाने लहान असला तरी किमतीने मोठा आहे, म्हणून त्यालाही). जिने चढतेस का? शेजारीण अजून रोज सूप आणते की कंटाळली? इकडे सर्व ठीक आहे. मी ‘सर्व ठीक आहे’ असं लिहायला लागले की काहीतरी घडलंय हे तू ओळखतेसच, तेव्हा कॉफी घेऊन बस.

आई गेल्यापासून बाबांना सकाळी अंथरुणातून उठवणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे आपलं नट-बोल्टचं दुकान. आणि दुकानात तर काळं कुत्रं फिरकेना. सगळे हायवेवरच्या त्या मोठ्या दालनात जातात, जिथे आठचा नट मागितला तर गडी आठ नंबरच्या रांगेत पाठवतो. ईस्टरला केक कापता कापता बाबांनी जाहीर केलं, की गावच्या नेमबाज मंडळाच्या उन्हाळी उत्सवापर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर शटर ओढणार आणि वृद्धाश्रमाच्या खिडकीत बसून नदी बघणार. मावशी, या माणसाने जन्मात नदीकडे बघितलंय ते फक्त पूर आल्यावर. खिडकीत बसवला तर हिवाळासुद्धा काढायचा नाही. मी म्हटलं, थांबा, आपण दुकान इंटरनेटवर टाकू.

त्यासाठी मी सायंवर्गात नाव घातलं. तिथे शिकवलं, की लोक शोधताना जो शब्द टाइप करतात नेमका तोच आपल्या पानावर हवा, आणि तो एकवचनी ठेवायचा की अनेकवचनी याचा नीट विचार करायचा. आता तू जन्मभर पोरांना व्याकरण शिकवलंस, तुला मी काय सांगायचं, पण राग काढायला म्हणून सांगते. आपल्या जर्मनमध्ये बोल्टवर बसतो तो नट म्हणजे मुटर, आणि जन्म देते ती आईसुद्धा मुटरच. अनेकवचनात मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. पुष्कळ आया म्हणजे म्यूटर, पुष्कळ नट म्हणजे मुटर्न. म्हणून मी म्हटलं, बाबा, मुटर्न लिहू या, घोटाळा नको.

“एकवचन!” बाबा म्हणाले. “अगं, माणसाचा नट हरवतो तो एक. सोफ्याखाली घरंगळतो तो एक. ज्याचे सगळे नट एकदम हरवतात त्याचा वरचा स्क्रू ढिला असतो. तसली गिऱ्हाइकं मला नकोत.” (त्यांचं हे असं असतं. ऐकताना पटतं आणि नंतर निस्तरावं लागतं.)

तेव्हा पानावर मोठ्या अक्षरांत झळकलं ते असं: ‘मुटर हरवली? योग्य मुटर आमच्याकडेच मिळेल. जुनी आणून दाखवा, तश्शीच नवी देऊ.’ खाली प्रकार: पंखवाली, टोपीवाली, गंज न चढणारी, आपोआप घट्ट बसणारी. शेकड्याने घेतल्यास सवलत.

पानावर जी झुंबड उडाली म्हणतेस! बाबा माझ्याकडे असे बघायचे, जणू व्याकरण त्यांनीच शोधून काढलं. मग फोन सुरू झाले. एका बाईंनी विचारलं, गंज न चढणारी इस्त्री करते का? हौशी नाटकवाल्यांना दोन अंकांपुरती टोपीवाली हवी होती. हागेनच्या एका गृहस्थाने फार आशेने विचारलं, जुनी म्हणून सासू आणून दाखवली तर चालेल का? महिला मंडळाच्या अध्यक्षबाई दारात उभ्या राहून त्या शेकड्याच्या सवलतीबद्दल जे बोलल्या ते तुझ्या गुडघ्याला झेपणार नाही. नट विकला गेला एकही नाही, आणि उत्सव जवळ येत चालला.

आणि मग एका शनिवारी चांगला कोट घालून, केस सेट करून एक बाई आल्या. वेर्डोलच्या रोसविथा टेरहोर्स्ट, बसच्या निवृत्त ड्रायव्हर. चष्मा न लावता आमचं पान वाचून त्यांचा समज झाला होता, की कोणाला तरी आई हवी आहे. बाबा गल्ल्यामागे, मी शिडीवर.

“मुटरचं वाचलं म्हणून आले,” त्या म्हणाल्या.

“या की. कितीचा आहे?”

“थोरला ना? चाळीसचा.”

“चाळीसचा? बराच मोठा. कुठे बसवला होता?”

“दोनदा बसवून दिला हो, दोन्हीदा सुटला.”

“आटे गेले असतील.”

“त्याचे आटे लहानपणापासूनच गेलेत!”

“मग घेऊन या, बघू काय करता येतं.”

“मेलबर्नहून?”

आधी त्या हसल्या, मग बाबा. मावशी, बाबा इतके हसले की खोकला लागला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. आई गेल्यावर ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. शिडीवरून उतरायचं मला भानच राहिलं नाही.

त्या दिवसापासून रोसविथाबाई येतात, नट मापाप्रमाणे लावतात, बाबांशी भांडतात आणि खसखशीचा केक आणतात (जरा कोरडा असतो, पण आपण कोण बोलणार). मी मात्र गुपचूप पानावर सगळीकडे मुटर्न करून टाकलं. आठवड्याच्या आत झोस्टच्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याने पोतंभर मागवले, मग एका पवनचक्कीवाल्याने, आणि आता पोस्टमन आम्हाला बघून तोंड वाकडं करतो. दुकान बंद होत नाही. बाबा गावभर सांगत सुटलेत की हा एकवचनाचा विजय. सांगू देत. तू तेवढी तोंड उघडू नकोस.

गुडघा जप. काकांना नमस्कार.

तुझी,
बिर्गिट

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. बाबांना उत्सवात रोसविथाबाईंबरोबर नाचायचंय. सकाळपासून तीनदा मला विचारून झालं, “मेख्टिल्ड काय म्हणेल गं?” शेवटी तू त्यांच्या बायकोची बहीण. तेव्हा फोन कर, नेहमीसारखी त्यांची खरडपट्टी काढ आणि शेवटी म्हण, जा.

आणखी एक ता. क. वरचं खोटं आहे. बाबांनी बाईंना कधीच विचारलंय आणि त्या हो म्हणाल्यात. त्यांना तुझी परवानगी नको आहे, मला हवी आहे. मी तोंडभर हसून “जा की बाबा” म्हटलं आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. बाई चांगल्या आहेत, त्यांचा काही दोष नाही. पण फोनवर तुझा आवाज हुबेहूब आईसारखा येतो. म्हणून दुकानाच्या नाही, माझ्या मोबाईलवर फोन कर आणि एवढंच म्हण, “बिर्गिट, जाऊ दे गं त्यांना.” मी डोळे मिटून ऐकेन.