पाचवीत राहून गेलेलं वाचन

बाई, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत तुमची आठवण पुष्कळदा आली, पण तुम्हाला काही सांगायला हवं असं मला वाटलं नव्हतं. मी पत्र लिहिणाऱ्यांतली नाही. शहापूरच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, शाळेचे गणवेश, कधी परकर. दिवसभर हातात कात्री असते आणि पेन लागतं ते मापं लिहून घेण्यापुरतं. पण एक गोष्ट अशी झाली की ती तुमच्याच वर्गात सुरू झाली होती, माळशेजच्या रस्त्यावरच्या, वैशाखऱ्याच्या अलीकडच्या त्या चार खोल्यांच्या शाळेत. ती पुढे कुठपर्यंत गेली हे तुम्हाला कळायला हवं.

पाचवीत तुम्ही माझ्या शेजारी वाडीवरची एक मुलगी आणून बसवली होती. उंच, सावळी, केसांना भरपूर तेल, आणि शाळेत बसली तरी लक्ष खिडकीबाहेर. दिवाळी झाली की तिच्या घरचे सगळे वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. त्यामुळे चार इयत्ता पुढे सरकूनही तिला अक्षरओळख नव्हती. तुम्ही मला म्हणालात, "सहामाहीपर्यंत हिला धडा वाचता आला पाहिजे. ही तुझी जबाबदारी." मी वर्गात पहिली यायचे, त्यामुळे जबाबदारी हा शब्द मला फार आवडला. पण पहिल्याच आठवड्यात मी तिच्या बोलण्याला हसले. 'नाय', 'व्हता', 'कनाला' असं तिच्यासारखं बोलून सगळ्या वर्गाला हसवलं. तुम्ही दारात उभ्या होतात. तुम्ही मला मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. "ज्या झाडाखाली तू रोज डबा खातेस त्याचं नाव सांग," म्हणालात. मला येईना. तिला आलं. त्या झाडाचं नाव, त्याच्या सालीचा उपयोग आणि त्यावर कुठला पक्षी बसतो, सगळं. तुम्ही म्हणालात, "मग हसायचं कोणी?" आणि फळ्याकडे वळलात.

त्यानंतर पंधरा दिवस मी तिला मनापासून शिकवलं. पण अ, आ, इ घोकून आम्ही दोघी कंटाळलो. आणि एक दिवस मला शोध लागला. मी स्वतःसाठी धडा मोठ्याने वाचत होते, आणि माझं वाचून झाल्यावर तिने तो सबंध धडा मला म्हणून दाखवला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिच्या कानात काहीतरी वेगळंच होतं, बाई. एकदा ऐकलं की ते तिचं झालं. मग मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. मी तिला वाचायला शिकवलं नाही, बोट फिरवायला शिकवलं. या शब्दाला ओळ संपते, बोट खालच्या ओळीवर आण. इथे आलीस की पान उलट. मधेच एकदा अडखळ, म्हणजे खरं वाटेल. शाळेमागे बसून आम्ही आठ दिवस तालीम केली. तुम्ही परीक्षा घेतलीत तेव्हा तिने दोन पानं 'वाचली' आणि जिथे अडखळायचं तिथे बरोबर अडखळली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक हिरवं शाईचं पेन दिलंत. ते मी घेतलं. सातवीपर्यंत आम्ही तसंच निभावलं. मग मी मुरबाडच्या शाळेत गेले आणि ती लग्न होऊन दुसऱ्या वाडीवर गेली.

आता मधली वर्षं सोडते. तो आजार आला, सगळं बंद झालं, माझं दुकानही. तेव्हा आपल्या वर्गाच्या मॉनिटरने फोनवर सातवीच्या मुलामुलींचा ग्रुप काढला. तो आता कल्याणला असतो, केस गेलेत, पण हुकूम सोडायची सवय तीच. एकोणीस जण सापडले. पन्नाशीच्या बायकापुरुषांना काय झालं होतं कोण जाणे, आम्ही अक्षरशः शाळा भरवायचो. कोणी म्हैस दाखवतोय, कोणी कविता म्हणतोय, कोणी तुमची नक्कल करतोय (करायचे, आणि चांगली करायचे). रोज संध्याकाळी पाचला मॉनिटर विचारायचा, "सगळे बरे ना?" आणि एकोणीस उत्तरं आल्याशिवाय गप्प बसायचा नाही. वाडीवरची ती सगळ्यांत शेवटी आली. तिच्या मुलीने तिला फोन दिला होता आणि ग्रुपवर घातलं होतं. तिच्याकडून नेहमी फुलं यायची, हात जोडलेली चित्रं यायची, कधी मोर. कधी बोललेला निरोप, त्यात मागे कोंबड्यांचा आवाज. ती लिहीत मात्र कधीच नव्हती. आम्हाला वाटायचं, लाजते. आम्हाला म्हणजे बाकीच्यांना. मी त्याचा विचारच केला नव्हता, हेही खरं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला ताप आला आणि मी घराच्या वरच्या खोलीत एकटी राहायला गेले. नवरा जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायचा, खोकायचा आणि खाली जायचा. फोन हाच काय तो माझा शेजार. त्याच दिवसांत आपल्या वर्गातल्या आणखी एकीचा नवरा हॉस्पिटलात होता. दोन वेण्यांची, पहिल्या नंबरासाठी माझ्याशी भांडणारी, ती. ती वाशिंदला राहते, नवरा तिथल्याच कारखान्यात होता. रोज ती ग्रुपवर बोलून खबर द्यायची. एका संध्याकाळी तिचा आवाज जरा मोकळा होता. "डॉक्टर म्हणतायत, उद्या-परवा सोडतील." आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तिचा निरोप आला. या वेळी आवाज नव्हता, टाइप केलेल्या सहा-सात ओळी होत्या. पहाटे ते राहिले नाहीत. मी ते दोनदा वाचलं. काय लिहावं ते कळेना, कोणालाच कळत नसावं, कारण कोणी काही लिहीत नव्हतं. आणि त्या शांततेत एक चित्र आलं. रंगीत फुगे, मधे मोठा केक, आणि खाली चमकणाऱ्या अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन'. वाडीवरच्या तिने पाठवलेलं.

मग जे सुटले! "लाज आहे का?" "मुद्दाम केलंय हिने." "काढा हिला आधी." पाच मिनिटांत मॉनिटरने तिला ग्रुपमधून काढून टाकलं. आणि बाई, मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. तिने कालचा आवाज ऐकला होता, आज लांबलचक लिहिलेलं बघितलं होतं, आणि तो घरी आला असं धरून ती आनंदाने फुगे शोधत बसली होती. हे फक्त मलाच माहीत होतं, कारण ते मीच करून ठेवलं होतं. मी एक ओळ लिहिली असती तर तिथेच सगळं थांबलं असतं. मी लिहिली नाही. ताप होता, असं मी स्वतःला दोन दिवस सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तिला फोन लावला. तिनेच आधी विचारलं, "काय गो, उतरला का ताप तुजा?"

"उतरला. ऐक, तो ग्रुप..."

"माजा फोन बिगडलाय. तीन दिस झाले, कोनीच काय बोलत नाय."

मी तिला सांगितलं. सगळं, एका दमात. मग ती म्हणाली, "तो गेला?"

"गेला."

"आनि मी फुगे धाडले. अगो, आदल्या सांजंला तीच बोलली ना, सोडतील म्हनून. मला वाटला, आला घरी."

मला ठाऊक होतं, तरी विचारलं, "तुला अजून वाचायला येत नाही?"

"तुला ठाव नाय का? तूच तं बोट फिरवाला शिकवलास." त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग तिने जे सांगितलं त्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. "बाईंना पन ठाव व्हतं."

परीक्षेनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही तिला शाळेमागच्या तुमच्या खोलीत बोलावलंत म्हणे. स्टोव्हवर भाकरी भाजत होतात. तिला वाटाण्याची उसळ आणि भाकरी वाढलीत, आणि साखर बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा पुढे सरकवलात. "यावर काय लिहिलंय?" तिने तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही तिच्याकडे. मग तुम्ही तो कागद घडी करून डब्याखाली ठेवलात आणि म्हणालात, "जेव. तिला काही बोलू नकोस. ती येऊन सांगेल मला." पुढच्याच आठवड्यात तिचे घरचे भट्टीवर निघाले.

तुम्ही वाट पाहिलीत, बाई. आणि मी आले नाही. पण आता मीही तुमच्याएवढी झालेय, म्हणून बोलते: तुमचंही चुकलं. मी दहा वर्षांची होते. मी आपणहून येईन म्हणून थांबण्यापेक्षा माझा कान धरून मला त्या खोलीत आणायला हवं होतंत. आपण दोघी आपापल्या जागी चांगलं वागण्यात गुंतलो आणि वाचायचं राहिलं ते तिचं.

मग मात्र मी थांबले नाही. आधी वाशिंदच्या मैत्रिणीला फोन करून खरं काय ते सांगितलं. तिने फोन ठेवला. मग ग्रुपवर तीन मिनिटं बोलले. पाचवीतल्या बोटापासून फुग्यांपर्यंत सगळं, माझं नाव घेऊन. मॉनिटर म्हणाला, "हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "घाबरले." तासाभराने वाशिंदहून आवाज आला, बसलेला, फाटलेला. "त्या दिवशी ते घरी आले असं समजून आनंद झालेली जगात ती एकटीच होती. तिला परत घ्या." मॉनिटरने तिला परत घेतलं आणि स्वतः बोलून माफी मागितली. त्याला माफी मागताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

दोन दिवसांनी तिचाच मला फोन. "आता शिकव मला. नुसता बोट नको."

"काय वाचायचंय तुला?"

"तिनं लिवलेला. मी ज्यावर फुगे धाडले तो."

माझे खोलीतले दिवस अजून उरले होते. वर गणवेशाचं गडद निळं कापड होतं, शिंप्याचा खडू होता. कापडावर मोठं अक्षर काढायचं, फोटो काढून तिला पाठवायचा. ती ते कोळशाने दारावर काढून मला फोटो पाठवायची. मी 'क कमळाचा' म्हटलं तर म्हणाली, "कमळ कुठं बघितला मी? कुड्याचा कर." मग क कुड्याचा, म मोहाचा, प पळसाचा, सगळी तिच्या रानातली झाडं. तिचं दार भरलं की ती ओल्या फडक्याने पुसायची. एकटं राहायचे माझे सतरा दिवस संपले, तरी तिला वाचता येत नव्हतं. मी खाली आले, दुकान उघडलं, तरी दुपारी मशीन थांबवून आम्ही अर्धा तास बसायचो. पाऊस गेला. जोडाक्षरांवर तिने मला आणि तिच्या मुलीला रडकुंडीला आणलं. भात कापून झालं त्या सुमाराला एका दुपारी तिने फोन केला आणि कसलीही प्रस्तावना न करता ते सहा-सात ओळींचं वाचून दाखवलं. हळू, एकेक शब्द सोडवत. त्यात अवघड शब्द एकही नव्हता. 'राहिले नाहीत'पाशी ती थांबली. मला क्षणभर वाटलं, अडखळली. ती अडखळली नव्हती.

थंडीत ती रानातून खणलेल्या करांद्यांची पिशवी घेऊन मुरबाड-कल्याण करत वाशिंदला गेली. तिथलं मला त्या मैत्रिणीने सांगितलं. "दारात उभी राहिली आणि पाटीवरचं ह्यांचं नाव मोठ्याने वाचलंन. मला वाटलं, कोणी त्यांना हाक मारतंय. मग म्हणते, तुजा नाव कुठं हाय यावर? मी म्हटलं, नाही गं, एकच नाव आहे. तर म्हणाली, दोन मावतील की." पुढच्या महिन्यात पाटी बदलली. आता तिच्यावर दोन नावं आहेत.

ग्रुप आता तसा गार पडलाय. सगळे आपापल्या कामाला लागले, मॉनिटर सणावाराला शुभेच्छा टाकतो, तेवढंच. ती मात्र रोज सकाळी लिहिते. काय, तर 'आज उडिद पेरल' किंवा 'कोमडी बसवली'. एकदा मी तिची चूक दुरुस्त करून तेच वाक्य परत टाकलं, तर दोन दिवस बोलली नाही. तुमच्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे, हे पत्र तिला पाठवता येईल. पण तिला यातलं काय कळणार, आणि तुम्हाला कळायचं ते मी लिहिता लिहिता सांगून झालंय, तेव्हा हे कागद मापांच्या वहीत राहतील. सांगायला आले ते तुमची क्षमा मागायला असं वाटत होतं, पण लिहून झाल्यावर पाहते तर मला बरंच वाटतंय, अभिमानच म्हणा. एक तेवढं राहिलं. सकाळी दुकान उघडते, दिवा लावते, आणि तिचं काहीतरी चुकीच्या अक्षरांत लिहिलेलं येईपर्यंत मी मशीनला पाय लावत नाही. गिऱ्हाईक उभं असलं तरी. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.